झोप मोजणारा बँड, घड्याळ, अंगठी: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

राजारामपुरीत मोबाईलच्या दुकानात आता दीड-दोन हजारांच्या बँडवरही झोपेचा आलेख मिळतो. घेणाऱ्यांत दोन तऱ्हा दिसतात. काहीजण सकाळी डोळे उघडताच आकडा बघतात आणि त्यावरून दिवस कसा जाणार ते ठरवतात. काहीजण आठवड्याभरात कंटाळून बँड कपाटात टाकतात. दोघांचेही प्रश्न खाली घेतले आहेत.

बँड झोप मोजतो म्हणजे नेमकं काय करतो?

खरं तर तो झोप मोजतच नाही. हाताची हालचाल आणि नाडी मोजतो, आणि त्यावरून झोपेचा अंदाज बांधतो. बँड चालू असताना उलटा करून बघा, खालच्या काचेत हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश क्षणभर कमी होतो. या चढउतारावरून ठोके मोजले जातात. शेजारचा लाल दिवा आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा रक्तातल्या ऑक्सिजनसाठी असतो. आत अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, तो कूस बदलल्याचं टिपतो.

हात स्थिर, नाडी संथ आणि एकसारखी, तर गाढ झोप असावी. हात स्थिर पण ठोक्यांमधलं अंतर कमीजास्त होतंय, तर स्वप्नांची म्हणजे रेम झोप असावी. कंपनीचं सॉफ्टवेअर साधारण असा हिशेब लावतं. दवाखान्यातल्या पॉलिसोम्नोग्राफी तपासणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी बघतात. डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला तारा, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिमीटर असा सगळा सरंजाम असतो. झोपेचे टप्पे ठरतात ते मुख्यतः मेंदूच्या लहरींवरून, आणि त्या मनगटावर मिळत नाहीत.

मग आकडे खोटेच समजायचे का?

नाही, पण सगळे आकडे एका मापाचेही नाहीत. कधी आडवे झालात, कधी उठलात, हे बहुतेक बँड बऱ्यापैकी बरोबर सांगतात. एकूण झोपेचे तास थोडे फुगवून येतात. टप्प्यांची वाटणी सगळ्यात कच्ची.

तास फुगतात कारण या यंत्रांना झोप ओळखता येते, पण निपचित पडून जागं असणं ओळखता येत नाही. रात्री साडेदहाला टीव्हीसमोर लोडाला टेकून मालिका बघितली, हात पोटावर ठेवला, की तो पाऊण तास कित्येकदा झोपेत धरला जातो. ज्याला झोपच लागत नाही आणि जो अंधारात न हलता पडून राहतो, त्याची फसगत सगळ्यात मोठी. रात्रभर तळमळ झाली तरी सकाळी बँड सांगतो, सहा तास वीस मिनिटं झोपलात. मग घरचेही म्हणतात, "बघ की, झोपला होतास!" अशा वेळी माणसावर विश्वास ठेवा.

गाढ झोप फक्त ४५ मिनिटं दाखवतो. काही आजार आहे का?

एवढ्यावरून नाही. प्रौढांत गाढ झोप एकूण झोपेच्या साधारण १३ ते २३ टक्के असते. सात तासांच्या झोपेत ती ५५ ते ९५ मिनिटांच्या आसपास भरते. वय वाढेल तशी ती कमी होत जाते, हे नैसर्गिक आहे. त्यात बँडचा स्वतःचा अंदाज चुकतो तो वेगळाच. एकाच रात्री दोन्ही हातांना दोन कंपन्यांचे बँड बांधले तर गाढ झोपेचे दोन वेगळे आकडे येतात, आणि दोन्ही बँड तितक्याच ठामपणे सांगतात.

बघायचंच असेल तर एकाच बँडवर महिन्याभराचा कल बघा. एका रात्रीच्या आकड्यासाठी दवाखाना गाठू नका.

घरातली मोठी माणसं म्हणतात, "झोप काय मोजायची गोष्ट आहे का?" त्यांना काय सांगायचं?

अर्धं त्यांचं बरोबर आहे असं सांगा. पडल्यावर झोप लागते, सकाळी गजराशिवाय किंवा एका गजरात जाग येते, दुपारी काम करताना डोळे मिटत नाहीत, अशा माणसाला बँडची गरज नाही. उपयोग होतो तो ज्यांच्या कामाच्या वेळा बदलत्या आहेत त्यांना, 'मी सात तास झोपतो' असं समजून प्रत्यक्षात साडेपाच तास झोपणाऱ्यांना, आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन-तीन आठवड्यांची नोंद हवी असणाऱ्यांना. प्रौढांना सात किंवा त्याहून जास्त तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. आपण त्यापासून किती लांब आहोत एवढं बँडवरून कळलं तरी पैसे वसूल.

घरातली मोठी माणसं चुकतात ती दुसऱ्या गोष्टीत. "घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय" हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं, आणि ते साफ चूक आहे.

घोरण्याचं एवढं काय?

नुसतं घोरणं वेगळं आणि घोरता घोरता श्वास अडकणं वेगळं. घशाचा मार्ग झोपेत मिटतो, दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि मोठा घुरका येऊन श्वास सुरू होतो. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तासाला असे पाच ते पंधरा प्रकार झाले तर सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या वर तीव्र. रुग्णाला यातलं काही आठवत नाही. त्याला फक्त दिवसभर पेंग येते, सकाळी तोंड कोरडं पडतं, डोकं जड राहतं.

डॉक्टर ज्या प्रश्नांवरून धोका जोखतात त्यातले बरेचसे घरी तपासता येतात: मोठ्यानं घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबल्याचं कुणी पाहिलेलं असणं, रक्तदाब, जास्त वजन, पन्नाशीच्या पुढचं वय, पुरुष असणं, आणि ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त गळा. शिंप्याची टेप कंठमण्याच्या पातळीवर धरून गळा मोजा. तालमीत घडलेल्या गड्यांनी हे माप जरूर घ्यावं. पैलवानाची मान व्यायामानं जाड झालेली असते हे खरं, पण कुस्ती सुटली, खुराक तसाच राहिला आणि वजन वाढलं की तीच जाड मान झोपेत घसा दाबायला कारण ठरू शकते.

घड्याळात अ‍ॅप्नियाचा इशारा मिळतो ना?

काही महागड्या घड्याळांत मिळतो. अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं २०२४ मध्ये आधी सॅमसंगच्या आणि मग अ‍ॅपलच्या अशा सोयीला मान्यता दिली. पण ती सोय प्रत्येक मॉडेलवर आणि प्रत्येक देशात असेलच असं नाही. घेण्याआधी दुकानातच आपल्या मॉडेलवर ती उघडून दाखवायला सांगा. हा इशारा म्हणजे निदान नव्हे. इशारा आला तर तपासणी करा. आला नाही आणि घरचे म्हणतात श्वास अडकतो, तरी तपासणी करा.

रात्री ऑक्सिजन ८८ दाखवला. घाबरायचं का?

एकट्या ठिपक्याला नाही. हात अंगाखाली दबला, बँड सैल पडला, थंडीत हात गार पडला, की असे ठिपके येतात. मनगटावरून मोजलेला ऑक्सिजन बोटावरच्या ऑक्सिमीटरपेक्षा मुळातच कमी भरवशाचा. गडद त्वचेवर बोटाचे ऑक्सिमीटरसुद्धा प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतात. मनगटावर सेन्सरखाली गोंदण असेल तर प्रकाश अडतो आणि नाडीच सापडत नाही. तिथे दुसरा हात वापरा.

रोज रात्री आलेखाला करवतीसारखे दाते पडत असतील आणि सोबत घोरणं असेल तर मात्र तो आलेख डॉक्टरांना दाखवण्यासारखा आहे. जागेपणी, बसल्या जागी ऑक्सिजन कमी दाखवत असेल आणि धाप लागत असेल, तर तो झोपेचा विषय उरत नाही, तडक दवाखाना.

रविवारी मटण हाणलं की अ‍ॅपमधला झोपेचा स्कोअर का पडतो?

दोष तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा नाही, जेवणाच्या वेळेचा आहे. रात्री साडेदहाला भरपेट जेवून साडेअकराला आडवं झालं की पचनाचं काम चालू असतं आणि नाडी पहिले दोन-तीन तास खाली उतरत नाही. बँडला नाडी चढी दिसते, तो 'विश्रांती कमी' म्हणून गुण कापतो. दारूचं याहून ठळक दिसतं, जवळजवळ रात्रभर नाडी वर. तेच जेवण आठला आटोपलं तर फरक आलेखात दिसतो, आणि बँडची ही एक नोंद बरीच खरी असते, कारण ती थेट नाडीची आहे, टप्प्यांच्या अंदाजाची नाही.

नाईट शिफ्टवाल्यांना बँड चालतो का?

चालतो, पण तसाच बांधला तर चुकीचं सांगतो. गोकुळ शिरगाव, शिरोली किंवा कागलच्या एमआयडीसीत आठवड्याला पाळी बदलणारा, इचलकरंजीत मागावर रात्रपाळी करणारा, किंवा गळीत हंगामात साखर कारखान्यावर असणारा माणूस सकाळी नऊला झोपतो. बरीचशी अ‍ॅप्स रात्रीची झोप हीच 'मुख्य झोप' धरून चालतात. दिवसाची झोप डुलकीत टाकतात, कधी कधी टप्पे दाखवतच नाहीत, आणि स्कोअर पाडतात. शिफ्टच्या बसमध्ये लागलेली डुलकी बसच्या हादऱ्यांमुळे बहुधा गाळलीच जाते.

करायचं एवढंच: अ‍ॅपमध्ये झोपेचं वेळापत्रक असेल तर पाळी बदलेल त्या दिवशी ते बदला. बँडवर हातानं 'झोप सुरू' करायची सोय असेल तर ती वापरा. स्कोअरकडे साफ दुर्लक्ष करून चोवीस तासांतली सगळी झोप मिळवून बेरीज करा. पहाटे चारला उठून तालमीत जाणाऱ्यानंही दुपारची झोप या बेरजेत धरावी. पाळी बदलल्यानंतर कितव्या दिवशी बेरीज पुन्हा जागेवर येते, ते दोन-तीन फेऱ्यांत कळतं. सुट्टी कधी घ्यायची हे ठरवायला त्याचा उपयोग होतो.

बँड कुठे आणि किती घट्ट बांधायचा?

मनगटाच्या हाडावर नाही, कोपराच्या बाजूला एक बोट सोडून. पट्ट्याखाली करंगळी जेमतेम सरकली पाहिजे. हात हलवला तर बँड घसरता कामा नये, आणि सकाळी कातडीवर खोल वळ उठता कामा नये. ज्या हातानं कमी काम करता त्यात बांधा आणि अ‍ॅपमध्ये तोच हात निवडा. वय, उंची, वजन खरं भरा. बांगड्या असतील तर बँड त्यांच्या वर, कोपराच्या बाजूला सरकवा, नाहीतर बांगडीच्या धक्क्यानं बँड उचलला जातो आणि खालून प्रकाश शिरतो.

पट्ट्याखाली पुरळ उठतं.

बहुतेक वेळा ही सिलिकॉनची अ‍ॅलर्जी नसते. पट्ट्याखाली अडकलेला घाम, साबण आणि ओल त्याला कारण असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की पट्टा दिवसभर ओलाच राहतो. पट्टा काढून आतली बाजू बघा, पांढरट खरखरीत थर दिसेल. साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं तो काढा, पूर्ण वाळवा, मनगट कोरडं करून मगच बांधा. झोपेपुरताच बँड हवा असेल तर दिवसा काढून ठेवा. पुरळ चिघळलं, पाणी सुटलं तर बँड बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. बकलाच्या धातूजवळच खाज येत असेल तर निकेलची शंका घ्या आणि कापडी पट्टा लावा.

अंगठी बरी की बँड? फोनचं अ‍ॅप? गादीखालची पट्टी?

अंगठी झोपेत कमी टोचते आणि बोटावर नाडी चांगली मिळते. पण माप चुकलं तर सगळं वाया. कंपनीनं दिलेली नमुना अंगठी एक दिवस-रात्र घालून बघा, कारण सकाळी बोट सुजलेलं असतं. मुख्य म्हणजे उद्यमनगरात लेथवर, फाउंड्रीत, मागावर काम करणाऱ्यानं कामावर अंगठी घालूच नये. यंत्रात अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोट जातं. जोर-बैठका, वजन, मल्लखांब यांच्या वेळीही काढायची.

फोन उशाशी ठेवून चालणारी अ‍ॅप्स घोरण्याचा आवाज टिपायला ठीक. झोपेचे टप्पे त्यांच्याकडून अपेक्षू नका. एकाच गादीवर आई, बाप आणि दोन पोरं झोपत असतील तर कोण हललं हे फोनला कळायचा प्रश्नच येत नाही. गादीखालच्या पट्टीचंही तेच, आणि जाड कापसाच्या गादीखाली ती नाडीचे बारीक हादरे पकडताना अडखळते.

बँड बांधून झोपलो, सकाळी नोंदच नाही.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि दोष बहुधा फोनचा. बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी अ‍ॅप्स बंद करतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, मग बँडचं अ‍ॅप, मग बॅटरी, आणि तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा. ब्लूटूथ आणि 'निअरबाय डिव्हायसेस'ची परवानगी द्या. जुन्या अँड्रॉइडवर लोकेशनही चालू लागतं.

एवढं करूनही नोंद आली नाही तर बँड अनपेअर करू नका. बऱ्याच बँडमध्ये काही दिवसांची माहिती साठलेली असते आणि अनपेअर केलं की ती पुसली जाते. आधी फोन बंद-चालू करा, अ‍ॅप उघडून खाली ओढून सिंक करा.

झोपताना चार्ज तीस टक्क्यांच्या वर हवा. साध्या बँडला आठवडाभर चार्ज पुरतो, मोठ्या घड्याळाला दिवस-दोन दिवस. रात्रभर ऑक्सिजन मोजणं चालू ठेवलं की बॅटरी झपाट्यानं उतरते. गरज नसेल तर बंद करा. चार्जिंगला अंघोळीची वेळ बरी. पावसाळ्यात रात्री वीज गेली की झोपताना चार्जिंगला लावलेला बँड सकाळी रिकामाच मिळतो.

आई-बाबांना बँड दिलाय. अ‍ॅप इंग्रजीत आहे.

मुलगा पुण्याहून बँड आणतो, जोडून देतो आणि जातो. दोन आठवड्यांत तो बंद. जाण्याआधी एवढं करा: नोटिफिकेशन सगळ्या बंद, घड्याळाचा आकडा मोठा, झोपेचं पान पहिल्या पडद्यावर. वाचायला दोनच गोष्टी शिकवा, झोपायची वेळ आणि उठायची वेळ. रंगीत पट्ट्या समजावायच्या भानगडीत पडू नका. आणि खातं त्यांच्याच नंबरवर काढा.

खातं कुणाच्या नावावर, याला एवढं महत्त्व का?

कारण झोपेची नोंद म्हणजे माणूस घरी कधी आला, रात्री किती वेळा उठला, याचा कच्चा हिशेब असतो. तो सून किती वाजता उठते हे बघायला वापरला जातो, अशी उदाहरणं कानावर येतात. ज्याचं मनगट त्याचा पासवर्ड, 'फॅमिली शेअरिंग' त्याच्या संमतीनंच. माहिती बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर जाते. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क त्यात दिला आहे. बँड विकताना किंवा कुणाला देताना नुसतं अ‍ॅप काढून भागत नाही. आधी अ‍ॅपमधून खातं डिलीट करा, मग बँड रिसेट करा. संपर्क, एसएमएस, कॉल लॉग यांची परवानगी झोपेसाठी लागत नाही. ती नाकारली तरी झोपेची नोंद चालते.

रेडिएशनचं काय?

ब्लूटूथची ताकद फोनच्या मानानं अगदी नगण्य असते. उशाखाली फोन ठेवून झोपणाऱ्यानं बँडला घाबरण्यात अर्थ नाही. पेसमेकर असेल तर मात्र घड्याळ आणि त्याचा चुंबकी चार्जर छातीपासून लांब ठेवा आणि डॉक्टरांना विचारूनच वापरा.

आकडा बघितल्यावरच थकल्यासारखं वाटतं.

हे इतक्या जणांना होतं की २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याला ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं: परिपूर्ण झोपेच्या आकड्यामागे लागून झोप बिघडवून घेणं. स्कोअर वाढवायला लोक लवकर आडवे होतात, जागे पडून राहतात, आणि झोप आणखी तुटते. सकाळचं नोटिफिकेशन बंद करा. अ‍ॅप रविवारी एकदाच उघडा. एवढ्यानं भागलं नाही तर पंधरा दिवस बँड काढून ठेवा. निद्रानाश तीन महिने चालू असेल तर त्यावर बोलून आणि सवयी बदलून करायचा सीबीटी-आय हा उपचार आहे, आणि गोळ्यांच्या आधी त्याचीच शिफारस होते.

लहान मुलांना बांधावा का?

नको. ही गणितं मोठ्यांच्या झोपेवर बसवलेली आहेत. मूल घोरत असेल तर टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड तपासायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

कान-नाक-घसा किंवा छातीचे डॉक्टर, खासगी नाहीतर सीपीआर या सरकारी रुग्णालयाची ओपीडी. सगळे आलेख छापून नेऊ नका, बघायला कुणाला वेळ नसतो. दोन आठवड्यांची वही न्या: किती वाजता आडवे झालात, अंदाजे कधी झोप लागली, रात्री किती वेळा उठलात, कधी उठलात, दुपारी किती झोपलात, चहा-दारू कधी घेतली. बँडची झोपायची-उठायची वेळ शेजारी लिहा. सोबत एपवर्थची प्रश्नावली भरून न्या: वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर अशा आठ प्रसंगी पेंग येते का, याला शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या वर गेली तर ती ठळक लिहा. पुणे-बेंगळुरू हायवेवर गाडी चालवताना एकदा जरी डोळा लागला असेल तर तेच सगळ्यात आधी सांगा, आणि तपासणी होईपर्यंत रात्रीचं ड्रायव्हिंग बंद ठेवा.

घोरण्याचा मोबाईलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ महिन्याभराच्या आलेखापेक्षा जास्त कामाचा. तो काढताना पांघरूण छातीवरून बाजूला करा, म्हणजे श्वास थांबला तरी छाती हलते का ते डॉक्टरांना दिसेल. रक्तदाबाच्या, झोपेच्या, सर्दीच्या चालू गोळ्यांची पाकिटंही घ्या. त्यानंतर डॉक्टर घरी करायची एका रात्रीची तपासणी सांगू शकतात. त्यासाठी नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिमीटर बांधून झोपायचं असतं. त्या रात्री बोटांना मेंदी किंवा नेलपॉलिश नको.